ब्ल्यू-रे विदर्भातल्या खेड्यांत का पोचली नाही?

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं. नोकरी पुण्याला, गाव यवतमाळ जिल्ह्यात. गावी आईवडिलांसाठी ५५ इंची टीव्ही घेतला आहे, पण तिथे नेटला धड रेंज नाही. सिनेमे बघायला ब्ल्यू-रे (डीव्हीडीनंतरची, जास्त स्पष्ट म्हणजे एचडी चित्राची डिस्क) लावायचा प्लेअर घेऊन द्यावा का? आणि जाता जाता दुसरा प्रश्न : आमच्या लहानपणी व्हीसीडी घराघरात होती, मग डीव्हीडी आली, पण ब्ल्यू-रे एकाच्याही घरी पाहिली नाही. लोकांकडे पैसा नव्हता म्हणून, की नकली सीड्यांमुळे?

मी याच पट्ट्यातला, दारव्हा-दिग्रसकडचा. व्हीसीआर रात्रभर भाड्याने द्यायच्या काळापासून या धंद्यात आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

पैसा नव्हता हे उत्तर अर्धं खरं आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात उतरवली होती. त्याच काळात ब्ल्यू-रेची एक डिस्क हजाराच्या घरात होती. २००८-०९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३००० रुपये झाला. म्हणजे एका पिच्चरसाठी ३३ किलो कापूस. इथे विषय संपला असं वाटतं. पण याच गावांतून आंदणात रंगीत टीव्ही, फ्रिज गेले, कापसाचे चुकारे झाले, म्हणजे पैसे हातात आले, की मोटरसायकली आल्या, आणि पुढे दहा-दहा हजारांचे मोबाईल शेतमजुराच्याही खिशात आले. उपयोग दिसला की पैसा निघतो, उधारीने का होईना. ब्ल्यू-रेचा प्लेअर काही वर्षांत दहा हजारांच्या खाली आला, तरी माझ्या काउंटरवर त्याची साधी चौकशीही वाढली नाही. तेव्हा खोट किमतीच्या पलीकडे कुठेतरी होती.

ती खोट मला पिवळ्या पिनेत दिसली.

एका गावातल्या पोराने मुंबईहून वडिलांसाठी चांगल्या कंपनीचा ब्ल्यू-रे प्लेअर आणि सोबत दोन डिस्का पाठवल्या. जोडून द्यायला मला बोलावलं. घरात २१ इंची जाड पाठीचा टीव्ही. मागे पिवळं चित्राचं आणि लाल, पांढरं आवाजाचं अशी तीन भोकं. प्लेअर उलटा करून बघतो तर त्याला एकच तोंड, एचडीएमआयचं, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच डिजिटल तारेतून नेणारं. पिवळी पिन लावायला जागाच नाही. काकाजी म्हणाले, "भाऊ, एवढा महागाचा डबा अन् वायर लावाले जागा नाही?" त्यांना वाटलं पोराला फसवलं कोणीतरी.

फसवलं नव्हतं. ब्ल्यू-रेवर कॉपी होऊ नये म्हणून जे डिजिटल कुलूप असतं त्याचं नाव एएसीएस. त्याच्या परवान्याच्या अटीच अशा होत्या की २०१० नंतर बनलेल्या प्लेअरने जुन्या पद्धतीच्या पिनांतून एचडी चित्र द्यायचं नाही, आणि २०१३ नंतर बनलेल्याने त्या पिनांतून ब्ल्यू-रेचं चित्र अजिबात द्यायचं नाही. अमेरिकेत तोवर घरोघरी एचडीएमआयचे टीव्ही झाले होते, त्यामुळे तिकडे हे फारसं कोणाला जाणवलं नसेल. आमच्याकडे त्या वर्षांत दहातले आठ-नऊ टीव्ही पिवळ्या पिनेचे. म्हणजे किंमत उतरून प्लेअर आमच्या आवाक्यात येऊ लागला, नेमका तेव्हाच तो आमच्या टीव्हीला लागेनासा झाला.

एचडीएमआयचं एव्ही, म्हणजे त्या तीन पिनांचं, करणारी छोटी डबी नागपूरला सीताबर्डीत मिळते, ती मागवली. पहिल्या डबीने काळा पडदा दाखवला, कारण एचडीएमआयच्या तारेतही एक कुलूप असतं, एचडीसीपी, आणि समोरचं उपकरण ओळखीचं निघालं नाही तर प्लेअर चित्र सोडत नाही. दुसरी चालली. चित्र आलं ते हुबेहूब डीव्हीडीसारखं, कारण पिवळ्या तारेतून त्याहून जास्त जातच नाही. दोन्ही डिस्का एकेकदा बघून झाल्या आणि तो प्लेअर शोकेसमध्ये, पोराच्या कॉलेजच्या ट्रॉफीशेजारी जाऊन बसला.

यातला खरा मुद्दा असा की ब्ल्यू-रे ही एकट्याने घ्यायची वस्तू नव्हती. तिच्यासाठी टीव्ही बदला, वायर बदला, आवाजाचा पूर्ण फायदा हवा तर अॅम्प्लिफायर बदला. डीव्हीडी आली तेव्हा असं काही करावं लागलं नव्हतं. तोच टीव्ही, त्याच तीन पिना, तोच लाकडी खोक्यातला वूफर. शिवाय डीव्हीडी प्लेअरमध्ये जुन्या व्हीसीड्या चालायच्या. मी दोन्ही बदल काउंटरमागून पाहिले आहेत, आणि लोक व्हीसीडीवरून डीव्हीडीवर गेले ते चित्र चांगलं म्हणून गेले नाहीत, हे कोणी मानो न मानो. व्हीसीडीत हिंदी सिनेमा दोन, कधी तीन डिस्कांवर यायचा. ऐन मारामारीत डिस्क संपायची आणि "दुसरी लाव रे" म्हणून घरातल्या धाकट्याला उठवलं जायचं. डीव्हीडीत अख्खा पिच्चर एका डिस्कवर. नकली डीव्हीडीत तर पाच पिच्चर, "फाइव्ह इन वन". फायदा बघताक्षणी कळत होता. ब्ल्यू-रेनेही एका डिस्कवर एकच पिच्चर दिला. २५ किंवा ५० जीबी जागा असली तरी ती सगळी बारकाव्यांत खर्च केलेली. ते बारकावे दिसतील असा टीव्ही गावात नव्हता.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. शहरातली काही मंडळी म्हणतात, खेड्यातल्या माणसाला चित्राच्या दर्जाशी घेणंदेणं नसतं. साफ चूक. माझ्याकडे येणारा प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचा, "प्रिंट कशी हाय?" थिएटरात कॅमेरा लावून काढलेली कॅमेरा प्रिंट म्हटलं की निम्मे परत जायचे : राहू द्या, मास्टर प्रिंट आली की सांगा. पंधरा-पंधरा दिवस थांबायचे. कॅमेरा प्रिंट आणि मास्टर प्रिंट यातला फरक २१ इंची टीव्हीवर आंधळ्यालाही कळायचा. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे यातला फरक त्याच टीव्हीवर मलाही सांगता येत नसे.

पुढे ३२ इंची एलईडी आले तेव्हा तरी फरक दिसायला हवा होता ना? साधा हिशेब करून बघा. निरोगी डोळ्याला जेवढा बारीक तपशील सुटा दिसतो त्याला मर्यादा आहे, एक अंशाच्या साठाव्या भागाइतकी. ३२ इंची पडद्याची उंची साधारण ४० सेंटीमीटर. त्यात ब्ल्यू-रेच्या चित्राच्या १०८० आडव्या ओळी बसवल्या तर त्या सुट्या दिसण्यासाठी सव्वाचार फुटांच्या आत बसावं लागतं. डीव्हीडीच्या ५७६ ओळींना हीच मर्यादा आठ फुटांच्या आसपास येते. आमच्या बैठकीत माणसं टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर बसतात, आणि लग्नसराईत पाहुणे जमले की मागची रांग छपरीत. त्या अंतरावर ३२ इंचीवर दोन्ही डिस्का जवळपास सारख्याच. त्यातून स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुतेक ७६८ ओळींचे, म्हणजे ब्ल्यू-रेचं पूर्ण चित्र त्यांच्यात मावतच नाही. दुकानात मात्र गिऱ्हाईक दोन फुटांवर उभं राहून बघतं, त्याला फरक दिसतो. घरी गेल्यावर दिसत नाही आणि मग ते आपल्यालाच विचारतं, "दुकानात तर मस्त दिसत होतं?"

आता लाईनचा विषय. २००५ नंतरची काही वर्षं विदर्भाच्या खेड्यांत लोडशेडिंग किती होतं हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. लाईन यायची तीही कधी डाऊन, कधी एकदम चढलेली. बल्बच्या उजेडावरून व्होल्टेज ओळखणारी आपली माणसं. अशात सिनेमा सलग बघून होणं हीच नवलाई. साध्या चिनी डीव्हीडी प्लेअरचा गुण असा की लाईन आली, बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात चित्र सुरू. बऱ्याच मॉडेलांत थांबलं तिथूनच. नाहीतर रिमोटने पळवत न्यायचं. ब्ल्यू-रेचे सुरुवातीचे प्लेअर स्वतः चालू व्हायलाच मिनिटभर घ्यायचे, मग डिस्क वाचायला वेगळा वेळ, मग पुढे सरकवता न येणाऱ्या सूचना, मग नाचरा मेनू. शिवाय ज्या डिस्कांवर मेनू वगैरे चालवणारा जावाचा (एका कॉम्प्युटर भाषेतला) प्रोग्राम असतो त्यातल्या बऱ्याच डिस्का वीज गेल्यावर मागची जागा विसरतात. एका सिनेमात तीनदा लाईन गेली तर तीनदा पहिल्यापासून. ज्या इंजिनियरांनी हे बनवलं त्यांच्या गावची लाईन कधी गेली नसावी.

नव्या डिस्कांसाठी प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं, तेही नेटवरून. कुलपाच्या चाव्या कंपन्या बदलत राहतात, म्हणून आज घेतलेला प्लेअर दोन वर्षांनी आलेली डिस्क वाचेलच याची खात्री नाही. पेनड्राइव्हवरून अपडेट करता यायचं, पण त्यासाठी आधी तालुक्याला येऊन नेट कॅफेत बसा. डीव्हीडी प्लेअरला हा शब्दही माहीत नव्हता.

दुरुस्तीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण हा माझा प्रांत. डिस्क वाचणाऱ्या लेझर पिकअपला आम्ही मेकॅनिक लोक "लेन्स" म्हणतो. डीव्हीडीची ३१३ नंबरची लेन्स शेकड्यांनी मिळायची, दोनेकशे रुपयांचा मामला. "नो डिस्क" दाखवणारा प्लेअर सकाळी आला की संध्याकाळी बाजार उठायच्या आत गिऱ्हाईक घेऊन जायचं. ब्ल्यू-रेत निळा लेझर आहे, ४०५ नॅनोमीटरचा. डीव्हीडीत लाल, ६५० चा. निळ्याचा ठिपका बारीक, म्हणून डिस्कवरच्या माहितीच्या रेघा जवळजवळ बसवता येतात : डीव्हीडीत दोन रेघांमध्ये ०.७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ब्ल्यू-रेत ०.३२. त्यासाठी माहितीचा थर डिस्कच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत ठेवला आहे; डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो. वरून ओरखडे न पडणारं कडक आवरण देतात, ते खरंच चांगलं आहे. पण लेन्स डिस्कच्या अगदी जवळ आली आणि धुळीचं सोसणं कमी झालं.

आणि धूळ म्हणजे आमच्याकडे नुसती धूळ नाही. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून शेतकरी कापूस घरात साठवतो. कित्येक घरांत टीव्हीच्याच खोलीत छतापर्यंत कापसाचा ढीग, त्यावर पोरं उड्या मारताहेत. त्याचा तंतू हवेत राहतो आणि पंखा असलेल्या प्रत्येक यंत्रात शिरतो. सुरुवातीच्या ब्ल्यू-रे प्लेअरांत थंड ठेवायला पंखा असायचा. मी एक उघडला तेव्हा आत वात वळता येईल एवढा कापूस निघाला. त्यात मे महिन्याचा ४५ अंशांचा पारा. एवढं करून लेन्स गेली तर ती प्रत्येक मॉडेलची वेगळी, नागपुरात मिळेलच असं नाही, आणि तिच्या किमतीत दोन-तीन डीव्हीडी प्लेअर येतात. तालुक्याच्या मेकॅनिकला जे उघडता येत नाही ते यंत्र गावात कोणी घेत नाही, कारण घेण्याआधी गिऱ्हाईक मेकॅनिकलाच विचारतं. आणि मी त्यांना नका घेऊ असंच सांगत होतो.

आता मला सगळ्यात मोठं वाटणारं कारण. आमच्याकडे डिस्क ही एका घराची मालमत्ता कधी नव्हतीच. एकाने आणलेली व्हीसीडी पाच घरं फिरायची. मामाच्या गावाला जाताना पिशवीत दोन पिच्चर. पोळ्याला, गणपतीत मंडळाकडे. केबलवाला त्याच्या लोकल चॅनलवर लावायचा. परत येईल तेव्हा तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि चहाचा डाग, तरी चौकोन चौकोन दाखवत का होईना, चालायची. या फिरण्यातच तिची किंमत वसूल व्हायची. ब्ल्यू-रे घेतली तर ती द्यायची कोणाला? शेजारी प्लेअर नाही, सासुरवाडीला नाही, मंडळाकडे नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला दुसरं गिऱ्हाईक लागतं आणि दुसऱ्याला पहिलं. व्हीसीडीच्या वेळी हे कोडं सुटलं ते भाड्याने. प्लेअर भाड्याने मिळायचा, म्हणून डिस्क घरात आधी आली आणि प्लेअर मागून आला. ब्ल्यू-रे प्लेअर भाड्याने देणारा मी आमच्या भागात पाहिला नाही.

त्याला जोडूनच मालाची गोष्ट. दुकानात सगळ्यात जास्त काय खपायचं असं कोणी विचारलं तर मी नव्या हिंदी सिनेमांचं नाव घेणार नाही. वर्षभर एकसारखी खपायची ती राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं, भीमगीतं, कव्वाल्या, कीर्तनं, आणि पूर्वेकडे झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी. ही सगळी छोट्या स्टुडिओंची कामं; साध्या कॅमेऱ्यावर काढायची, कॉम्प्युटरवर व्हीसीडी बनवायची आणि यात्रेत टेबल लावून विकायची. ब्ल्यू-रेवर यातलं काही आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. मूळ चित्रणच एचडी नाही आणि शंभर-दोनशे नगांसाठी ब्ल्यू-रे छापणं कोणाला परवडणार? तिथे होते ते इंग्रजी सिनेमे आणि थोडे मोठे हिंदी. प्लेअर घेतला तरी घरच्या म्हातारीला त्यात लावायला काही नव्हतं.

नकली सीड्यांनी ब्ल्यू-रेचं नुकसान केलं का? अस्सल डीव्हीडीचं नक्की केलं. ब्ल्यू-रेच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, कारण ती लढायला मैदानात उतरलीच नव्हती. एचडी डीव्हीडी ही तेव्हाची दुसरी एचडी डिस्क, तिच्या आणि ब्ल्यू-रेच्या भांडणाबद्दलही लोक बरंच बोलतात. २००६ मध्ये दोन्ही आल्या, जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने ती बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत गिऱ्हाईक त्या काळात हात राखून बसलं हे खरं. दिग्रसच्या बाजारात त्या भांडणाचा कोणाला पत्ताही नव्हता.

मग पेनड्राइव्ह आला. डीव्हीडी प्लेअरलाच पुढच्या बाजूने यूएसबीचं भोक मिळालं, मोबाईलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. एचडी चित्र आमच्या खेड्यात आलंच, पण मोबाईलच्या पाच इंची काचेवर, डिस्कशिवाय.

आता तुमचा प्लेअर. तुमची परिस्थिती बरोबर उलटी झाली आहे, म्हणून माझं उत्तर "घ्या" असं आहे, काही अटींवर. ५५ इंची पडद्यावर वरचाच हिशेब लावला तर ब्ल्यू-रेचा फरक सात फुटांपर्यंत पूर्ण दिसतो आणि डीव्हीडी नऊ-दहा फुटांवरून मऊ, धुरकट वाटते. टीव्हीला एचडीएमआय आहे. नेटला रेंज नाही, तेव्हा दुसरा चांगला रस्ताही नाही. अडचण मालाची. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर काढणं थांबवलं, ओप्पो त्याआधी २०१८ मध्येच बाहेर पडली. आपल्याकडे दुकानात नवा तुकडा क्वचित दिसतो. जुना घेत असाल तर समोर एक तास चालवून बघा, नुसती डिस्क ओळखली म्हणून पैसे देऊ नका. दमलेली लेन्स गरम झाल्यावर अडकते. सॉफ्टवेअर अपडेट पुण्यातच करून घ्या.

डिस्क घेताना रिजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरसाठी आहे, ते बघा. भारत ब्ल्यू-रेच्या सी रिजनमध्ये येतो, अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये. परदेशातून नातेवाइकाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. पाठीवर ए, बी, सी तिन्ही असतील तर चिंता नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कांना रिजनची भानगड नाही, पण त्यांना प्लेअर वेगळा आणि महाग लागतो. आईवडिलांसाठी त्याची गरज नाही. प्लेअर आणि टीव्ही दोन्ही एका चांगल्या स्टॅबिलायझरवर ठेवा, आणि कापसाच्या दिवसांत प्लेअरवर फडकं टाका, फक्त चालू असताना नको.

घरातला जुना डीव्हीडी प्लेअर मात्र भंगारात देऊ नका. बरेच ब्ल्यू-रे प्लेअर डीव्हीडी लावतात पण व्हीसीडी ओळखत नाहीत, आणि तुमच्या घरी ताई-दादाच्या लग्नाच्या व्हीसीड्या असणारच. त्या आधी उतरवून घ्या. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क टाकली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल, त्यातली डॅट फाईल कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवा. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये ती तशीच चालते. टीव्हीने नाकारली तर नावाच्या शेवटचं डॅट काढून एमपीजी करा. कॉपी मध्येच अडकली तर डिस्क मऊ सुती कापडाने मधून बाहेर अशी सरळ पुसा, गोल नको, आणि पुन्हा लावा.